इराणमधला अहिंसक विरोध : बाहेरच्या जगाला फक्त फोटोच दिसतो का?

निळी शाई

इराण आणि इस्राएलचं बारा दिवसांचं युद्ध जून २०२५मध्ये थांबलं, तरी एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. १३ जूनला इस्राएलने हल्ले सुरू केले, त्याच दिवशी नेतान्याहूंनी इराणी जनतेला उद्देशून भाषण केलं आणि त्यात 'स्त्री, जीवन, स्वातंत्र्य' ही घोषणा फारसीत म्हणून दाखवली. हिजाबवरून पकडलेल्या महसा अमिनीचा कोठडीत मृत्यू झाला, त्यानंतरच्या २०२२च्या आंदोलनाची ही घोषणा. २३ जूनला बॉम्ब पडले ते तेहरानच्या एविन तुरुंगावर. आधी शहाने आणि मग मुल्लांनी आपापले विरोधक डांबले ते हेच एविन. इराणच्या न्यायखात्याने तेव्हा मृतांचा आकडा ७१ सांगितला. त्यात कैदी, भेटीला आलेले नातेवाईक आणि तुरुंगाचे कर्मचारी होते. ती घोषणा दिल्याबद्दल आत गेलेल्या बायकाही त्याच भिंतींच्या आड होत्या.

माझं म्हणणं असं की ही घोषणा अशी पळवली जाण्याची तयारी फार आधीपासून झालेली होती. इराणमधला विरोध बाहेरच्या जगात पोचतो तो फोटो होऊन. त्यामागचं संघटन पोचत नाही. आणि नुसता फोटो कुणीही उचलावा आणि कशालाही चिकटवावा.

१९९९च्या जुलैमध्ये तेहरान विद्यापीठाच्या वसतिगृहावर हल्ला झाला. आंदोलनात अहमद बातेबी नावाच्या विद्यार्थ्याने जखमी मित्राचा रक्ताने माखलेला शर्ट उंच धरला आणि तो फोटो 'इकॉनॉमिस्ट'च्या मुखपृष्ठावर छापून आला. तेच मुखपृष्ठ त्याच्याविरुद्ध पुरावा ठरलं. फाशीची शिक्षा झाली, पुढे ती १५ वर्षांवर आली. २००९मध्ये नेदा आगा-सोल्तान गोळी लागून गेली, तेव्हा जगभरच्या वाहिन्यांनी फेसबुकवरून दुसऱ्याच, मिळत्याजुळत्या नावाच्या बाईचा फोटो उचलला. ती बिचारी सांगत होती की ही मी आहे आणि मी जिवंत आहे. कुणी ऐकलं नाही. शेवटी तिला देश सोडावा लागला.

आता याच्या उलट बघा. ऑगस्ट २००६मध्ये काही बायकांनी 'दहा लाख सह्या' ही मोहीम सुरू केली. हातात एक पातळशी पुस्तिका आणि सह्यांचा कागद घ्यायचा. बसमध्ये, मेट्रोच्या बायकांच्या डब्यात, पार्लरमध्ये, दवाखान्याच्या बाकावर शेजारच्या बाईशी बोलायचं. वारसाहक्कात मुलीला मुलाच्या निम्मं का? दोन बायकांची साक्ष एका पुरुषाएवढी का? गुन्ह्याची जबाबदारी मुलीवर नवव्या वर्षी आणि मुलावर पंधराव्या वर्षी का? पासपोर्टला नवऱ्याची परवानगी कशाला? समोरची म्हणाली की सही नको बाई, तर पुस्तिका तिच्या हातात ठेवून उठायचं. सरकार उलथवायची भाषा नाही, तरीही कितीतरी जणींना देशाच्या सुरक्षेला धोका म्हणून अटक झाली. पहिल्या बायकोच्या संमतीशिवाय दुसरं लग्न करू देणारं कलम २००८मध्ये संसदेला बाजूला ठेवावं लागलं, त्यात या बायकांच्या दबावाचा मोठा वाटा होता. याचा एक तरी फोटो तुम्हाला आठवतो का?

तेहरानच्या बस कामगारांची संघटना, हफ्त तप्पेहच्या साखर कारखान्यातले संप, शिक्षकांच्या समन्वय परिषदेचे मोर्चे, यांचंही तेच. जळणारा स्कार्फ तेवढा सगळ्यांना माहीत आहे.

कडाक्याची थंडी

ठाम असहमत. मी कॅनडात, टोरोंटोजवळच्या रिचमंड हिलला राहते, इराण्यांच्या वस्तीतच म्हणा ना. १ ऑक्टोबर २०२२ला यंग स्ट्रीटवर पन्नास हजारांवर लोक होते, हा पोलिसांचा अंदाज. आम्हीही गेलो होतो.

फोटो नसले की काय होतं ते बघायचं असेल तर नोव्हेंबर २०१९ आठवा. पेट्रोलचे दर एका रात्रीत वाढवले, लोक रस्त्यावर आले, सरकारने जवळपास आठवडाभर इंटरनेट बंद ठेवलं. ॲम्नेस्टीने तीनशेच्या वर मृत्यू नोंदवले, रॉयटर्सने दीड हजारांचा आकडा दिला. एवढी माणसं गेली आणि त्यातल्या एकाचं तरी नाव या धाग्यावर कुणाला सांगता येईल का? २०२२ला फोटो होते, व्हिडिओ होते. म्हणून २४ नोव्हेंबरला राष्ट्रसंघाच्या मानवाधिकार परिषदेत सत्यशोधन पथकाचा ठराव २५ विरुद्ध ६ मतांनी मंजूर झाला. (भारत तटस्थ राहिला, ते असो.)

आणि परदेशातले इराणी म्हणजे कुणाच्या तरी हातातली बाहुली, असा वास तुमच्या लेखाला येतोय. हामेद इस्माइलियून हा इथलाच दंतवैद्य. ८ जानेवारी २०२०ला इराणच्या रिव्होल्युशनरी गार्ड या फौजेने जे प्रवासी विमान पाडलं, त्यातल्या १७६ जणांत त्याची बायको आणि मुलगी होती. बर्लिनला ऐंशी हजार माणसं जमली ती त्याच्या हाकेवर. त्याला कुणी शिकवायला नको.

पाटसकर

दोघांचंही वाचलं. मला वेगळाच प्रश्न पडतो. अहिंसेने इराणमध्ये मिळालं काय?

१५ जून २००९. निवडणुकीत घोटाळा झाला म्हणून लाखो लोक इन्किलाब चौकापासून आझादी चौकापर्यंत मूकपणे चालत गेले. हातात पाट्या, 'माझं मत कुठे आहे?' रात्री गच्च्यांवरून 'अल्ला हो अकबर'च्या आरोळ्या. याहून अहिंसक काय असतं? १९ तारखेला सर्वोच्च नेते खामेनेईंनी शुक्रवारच्या खुतब्यात, म्हणजे नमाजच्या प्रवचनात दम भरला, २० तारखेला नेदा गेली. त्या निवडणुकीतले विरोधी उमेदवार मुसवी आणि करूबी, आणि मुसवींच्या पत्नी झहरा रहनवर्द यांना फेब्रुवारी २०११पासून घरात कोंडलं. बाहेरचं जग तोवर 'ट्विटर क्रांती' म्हणून टाळ्या वाजवून मोकळं झालं होतं.

ज्याला उद्या निवडणुकीची, पेपरांची, स्वतःच्या संसदेची थोडी तरी लाज वाटते त्याच्यापुढे सत्याग्रह चालतो. शहाचं सैन्य ११ फेब्रुवारी १९७९ला तटस्थ झालं म्हणून शहा संपला. मुल्लांनी तो धडा पक्का गिरवलाय. सैन्यापासून वेगळा गार्ड, गार्डच्या हाताखाली बसीज ही स्वयंसेवकांची फौज. उद्या तटस्थ राहणार कोण?

गंमतजंमत

तीन प्रतिसाद झाले आणि अजून भारताच्या गुंतवणुकीचं चाबहार बंदर आलं नाही? धाग्याचा दर्जा सुधारतोय म्हणायचा.

निळी शाई

@पाटसकर, सैन्य तटस्थ झालं तो शेवटचा दिवस. त्याआधी १९७८च्या शरद ऋतूत तेल कामगारांनी संप केला, उत्पादन जवळजवळ ठप्प झालं, बँका आणि सरकारी कचेऱ्या बंद पडल्या. शहाची ताकद तिथे संपली, सैन्याने फक्त ते ओळखलं. म्हणूनच मी कामगार आणि शिक्षक संघटनांचं तुणतुणं वाजवतोय.

आणि अहिंसा बिनकामाची असती तर राजवट तिला एवढी का घाबरली असती? रामीन जहानबेगलू हा गांधींवर लिहिणारा तत्त्वज्ञ. एप्रिल २००६मध्ये त्याला पकडलं, चार महिने एविनमध्ये ठेवलं. आरोप काय, तर 'मखमली क्रांती'ची, म्हणजे रक्तपाताशिवाय सत्ता उलथवायची तयारी. सुटल्यावर तो दिल्लीला येऊन सीएसडीएस या संशोधन संस्थेत काम करू लागला. २००८मध्ये इराणच्या गुप्तचर खात्याने टीव्हीवर चक्क एक ॲनिमेशन जाहिरात दाखवली, तिच्यात खलनायक म्हणून जीन शार्प होता, अहिंसक लढ्याच्या पद्धतींवर लिहिणारा अमेरिकेतला म्हातारा अभ्यासक. बंदुकीला तोंड द्यायला त्यांच्याकडे बंदूक आहे. बसमध्ये शेजारी बसून बोलणाऱ्या बाईला काय उत्तर द्यायचं, ते त्यांना कळत नाही.

@कडाक्याची थंडी, फोटो नकोतच असं मी कुठे म्हटलंय? २०१९चा मुद्दा बिनतोड आहे. पण २०२२ला सगळं दिसलं, ठराव झाला, तरी पाचशेच्या वर माणसं मारली गेलीच.

परकर पोलकं

'जळणारा स्कार्फ तेवढा सगळ्यांना माहीत आहे' हे वाक्य फार खटकलं. जणू केस हा वरवरचा प्रश्न, आणि खरं राजकारण साखर कारखान्यात!

खोमेनींनी मार्च १९७९मध्ये सरकारी कार्यालयांतल्या बायकांनी हिजाब घालावा म्हणताच ८ मार्चला तेहरानच्या बायका बर्फ पडत असताना रस्त्यावर उतरल्या. क्रांतीला महिनाही झाला नव्हता. 'मागे जायला आम्ही क्रांती केली नव्हती' ही त्यांची घोषणा. तेव्हा त्यांना एकटं पाडलं ते नुसत्या मुल्लांनी नाही. डावे, उदारमतवादी, सगळे शिकलेले पुरुष हेच म्हणत होते की आधी अमेरिकेचा प्रश्न, बायकांचं नंतर बघू. ते नंतर काही आलं नाही. १९८३मध्ये कायदा झाला आणि ७४ फटक्यांची शिक्षा आली.

डिसेंबर २०१७मध्ये विदा मोवाहेद इन्किलाब रस्त्यावरच्या विजेच्या पेटीवर चढली, पांढरा रुमाल काठीला बांधून नुसती उभी राहिली. ओरडली नाही, काही नाही. तिच्या मागून कितीतरी जणी तशाच पेट्यांवर चढल्या. सरकारने काय केलं माहीत आहे? त्या पेट्यांवर उतरती लोखंडी छपरं ठोकली, म्हणजे कुणाला उभंच राहता येऊ नये. एवढी मोठी राजवट, विजेच्या पेट्यांची डागडुजी करत बसली!

@पाटसकर, अहिंसेने काय मिळालं विचारलंत ना? आज तेहरानमध्ये असंख्य बायका डोकं न झाकता फिरतात. 'हिजाब आणि शुचिता' कायदा संसदेने मंजूर करूनही डिसेंबर २०२४मध्ये अंमलबजावणी थांबवावी लागली. कुठल्या देशाच्या बॉम्बने हे केलं नाही. रोज घराबाहेर पडताना बायकांनी केलं.

माणदेशी

परदेशातलं चित्रण म्हणताना आपल्या देशातलं विसरू नका मंडळी. सप्टेंबर २०२२मध्ये सुप्रीम कोर्टात कर्नाटकच्या हिजाबबंदीवर सुनावणी चालली होती आणि सॉलिसिटर जनरल तुषार मेहतांनी इराणच्या बायकांचा दाखला दिला. तिकडे सरकार डोक्यावर कापड घाल म्हणतंय, इकडे सरकार काढ म्हणतंय, आणि तिकडचं बंड इकडच्या सरकारच्या बाजूने साक्षीला! आमच्या पुरोगामी मित्रांचंही काही कौतुक नको. ते इराणवर बोलायचंच टाळतात, का तर बोललं की भलत्यांच्या हातात कोलीत.

आणि खोट्या आकड्यांचं काय? नोव्हेंबर २०२२मध्ये 'इराणने १५,००० आंदोलकांना फाशी सुनावली' असं जगभर फिरलं. कॅनडाच्या पंतप्रधानांनी, ट्रूडोंनीच ट्वीट केलं, मग गुपचूप काढलं. १५,००० हा अटक झालेल्यांचा अंदाज होता. खऱ्या फाशा होत होत्याच, त्या पुरेशा भयंकर नव्हत्या का? असं काही झालं की इराणी सरकारी टीव्हीला महिनाभराचं खाद्य मिळतं.

मोजाहिदीन-ए-खल्कचं नाव कुणी काढलं नाही म्हणून काढतो. इराण-इराक युद्धात सद्दामच्या बाजूने लढलेली सशस्त्र संघटना. २०१२पर्यंत अमेरिकेच्या दहशतवादी यादीत. तिच्या पॅरिसच्या मेळाव्यांत जुलियानी, बोल्टन यांच्यासारखे अमेरिकी नेते भाषणं ठोकत आलेत. इराणच्या आत तिला कुत्रं विचारत नाही. पण 'लोकशाहीवादी पर्याय' म्हणून ती परदेशात मिरवते.

उत्तरा लातूर

सगळी चर्चा तेहरानभोवती फिरतेय. झाहेदानचं कुणी बोलणार का?

३० सप्टेंबर २०२२, शुक्रवार. बलुचिस्तान प्रांतातल्या या शहरात नमाजनंतर निदर्शकांवर गोळीबार झाला. ॲम्नेस्टीच्या नोंदीत किमान ६६ मृत्यू, २०२२च्या आंदोलनातला सगळ्यात रक्तरंजित दिवस. त्यानंतर वर्षाहून जास्त काळ दर शुक्रवारी लोक मक्की मशिदीतून बाहेर पडून मोर्चा काढत राहिले. बलुची समाजात घरोघरी बंदुका असतात असं म्हणतात, तरी मोर्चे अहिंसक राहिले. तिथले इमाम मौलवी अब्दुल हमीद मिंबरवरून, म्हणजे प्रवचनाच्या चौथऱ्यावरून सार्वमताची मागणी करत होते.

हे कुणाच्या मुखपृष्ठावर आलं? नाही येणार. पगडी बांधलेला सुन्नी मौलवी, दाढीवाले पुरुष, काळ्या चादरीतल्या बायका 'खामेनेई मुर्दाबाद' म्हणतायत, हे पाश्चात्त्य संपादकाच्या चौकटीत बसत नाही आणि आपल्याकडच्या व्हॉट्सॲपवाल्यांच्या तर मुळीच नाही. धर्मगुरूंच्या सत्तेविरुद्ध एक धर्मगुरू उभा आहे म्हटलं की गोष्टच बिघडते. मूळ घोषणासुद्धा कुर्दी. महसाचं घरचं नाव जिना. परदेशात मिरवणाऱ्या, शहाच्या काळातल्या शेर-सूर्याच्या झेंड्याखाली कुर्द आणि बलुच कुठे उभे राहणार?

कडाक्याची थंडी

झेंड्यांचं खरं आहे, नाकारत नाही. यंग स्ट्रीटवर पहिल्या मोर्चाला सगळे एकत्र होते. पुढे पहलवीवाले, म्हणजे शहाच्या मुलाचे समर्थक, आणि बाकीचे यांत ढकलाढकली व्हायला लागली. फेब्रुवारी २०२३ला अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठात शहाचा मुलगा रेझा पहलवी, पत्रकार मसीह अलीनेजाद, इस्माइलियून एका व्यासपीठावर बसले. एप्रिलपर्यंत आघाडी फुटलीसुद्धा.

पण निळी शाई, मला सरळ सांगा. शनिवारी इथे पुन्हा निदर्शनं आहेत. मी फलकावर काय लिहू? 'दहा लाख सह्या'?

निळी शाई

शरीफेह मोहम्मदी हे नाव लिहा. रश्तची कामगार कार्यकर्ती. कायदेशीर काम करणाऱ्या एका कामगार समितीशी संबंध दाखवून २०२४मध्ये फाशी सुनावली, वरच्या कोर्टाने रद्द केली, फेब्रुवारी २०२५मध्ये पुन्हा सुनावली. पख्शान अझीझी, कुर्द समाजसेविका, तिचीही फाशी जानेवारी २०२५मध्ये कायम झाली. आणि 'फाशी नको मंगळवार' लिहा. जानेवारी २०२४मध्ये गेझेल हेसार तुरुंगातल्या कैद्यांनी दर मंगळवारी उपोषण सुरू केलं, ते आता डझनावारी तुरुंगांत पसरलंय. ज्यांच्याकडे आपलं जेवण सोडलं तर नाकारायला दुसरं काही नाही, ती माणसं दर आठवड्याला ते नाकारतायत. युद्धाच्या आठवड्यांतही त्यांनी खंड पाडला नाही.

पाटसकर

कॅनडात फलक धरल्याने तेहरानात फाशी थांबते?

कडाक्याची थंडी

तुमाज सालेही या रॅपरची थांबली. एप्रिल २०२४ला फाशी सुनावली, दोन महिन्यांत सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, डिसेंबरात तो बाहेर. त्याच्यासाठी बर्लिनपासून लॉस एंजेलिसपर्यंत लोक रस्त्यावर होते.

पाटसकर

मोहसेन शेकारी या आंदोलकाची नाही थांबली.

कडाक्याची थंडी

नाही थांबली. त्याला सप्टेंबर २०२२ला पकडलं आणि ८ डिसेंबरला फाशी दिली. बाहेरच्या बहुतेकांनी त्याचं नाव पहिल्यांदा ऐकलं ते त्याच दिवशी. शरीफेहचं नाव आज माहीत आहे, म्हणून शनिवारच्या फलकावर तेच असेल. फोटोसकट, निळी शाई.