मदत हवी आहे: लँड रोव्हरचे अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे चमकवायचेत

नमस्कार मंडळी, आमच्या काकांची जुनी सिरीज टू लँड रोव्हर आहे, रत्नागिरीला, तिचं बॉनेट आणि पुढची मडगार्डं रंग न देता नुसती पॉलिश करून ठेवायचीत. लँड रोव्हरला १९४८ पासूनच बर्माब्राइटचे पत्रे, म्हणजे मॅग्नेशियम मिसळलेलं अ‍ॅल्युमिनियम, त्यामुळे गंज नाही पण रंग काढल्यावर पत्रा राखाडी आणि निस्तेज दिसतो. पेंट रिमूव्हरने रंग निघाला, कॉस्टिकला हात लावला नाही कारण ते अ‍ॅल्युमिनियम खातं. आता ४०० नंबरचा वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर, नंबर वाढला की बारीक) मारून झालाय, पुढे ८००, १५००, २००० करत जाणार, दर वेळी आडवं-उभं दिशा बदलून म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते कळतं.

खरी अडचण बफिंगची, म्हणजे फिरत्या चाकाने चमक आणण्याची आहे. इथले भांडी पॉलिशवाले म्हणतात आधी सिसलचा (खरखरीत वनस्पती-तंतूंचा) बफ आणि कडक लस्टर (बफला लावायची पॉलिशची वडी), मग मऊ कॉटनचा बफ, पण भांडं हातात धरून फिरवता येतं, एवढं मोठं बॉनेट कसं करायचं? पत्रा पातळ, एका जागी गरम झाला तर वाकेल ही भीती आहे. ग्राइंडरचा स्पीड किती ठेवता? आणि रिव्हेटांच्या आजूबाजूला काय करता?

दुसरं म्हणजे समुद्राची हवा, चमक टिकणार कशी? क्लिअर लॅकर (पारदर्शक वॉर्निश) मारावा तर तो गुळगुळीत पत्र्यावर नीट धरत नाही आणि सोलला की खाली पांढरे डाग पडतात, म्हणून मला वॅक्सच बरं वाटतंय. किनारपट्टीवर कोणी हे केलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा, फोटो असतील तर फारच छान, गाडी काकांचा जीव की प्राण आहे.