नाशिकहून कोकण किनाऱ्यावर स्वयंसेवेसाठी कधी जावे?

प्रश्न: आम्ही नाशिकचे पाच-सहा जण कोकणात पर्यावरणाच्या कामाला दोन दिवस देऊ इच्छितो. केव्हा गेल्यास आमचा खरोखर उपयोग होईल?

उत्तर १: सप्टेंबरचा तिसरा शनिवार आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता दिन म्हणून पाळला जातो, आणि पावसाळ्यात लाटांनी आणून टाकलेले प्लास्टिक तेव्हा किनाऱ्यावर भरपूर असते. हातमोजे आणि जाड तळव्यांचे बूट न्यावेत. वाळूत रुतलेले नायलॉनचे जाळे ओढू नये, ते तुटून अर्धे आत राहते. भोवतीची वाळू आधी हाताने मोकळी करावी.

उत्तर २: माझ्या मते मार्चमध्ये मंडणगड तालुक्यातील वेळासला जावे. तेथे २००२ पासून चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र संस्था आणि ग्रामस्थ यांनी ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी कुंपणात सुरक्षित ठेवून, सुमारे पन्नास दिवसांनी बाहेर पडणारी पिल्ले समुद्रात सोडण्याचे काम उभे केले. टोपली उचलताच तळहाताहून लहान पिल्ले वाळूवर बारीक रेघा उमटवत पाण्याकडे निघतात. त्या वेळी मोबाइलचा दिवा कृपया लावू नका, कारण पिल्ले उजेडाकडे भरकटतात. मुक्काम गावातील घरांतच करावा, म्हणजे संवर्धनाचा लाभ ग्रामस्थांना मिळतो.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. मार्चमध्ये वेळासला जाण्याचे आम्ही ठरवले आहे.