‘फॉलआउट’मधली विमानातली उडी खरी की कॉम्प्युटरची?

लश्करवाला
काल ग्वाल्हेरच्या दाना ओलीत आत्याकडे ‘मिशन इम्पॉसिबल – फॉलआउट’ (२०१८) पाहिला. टॉम क्रूझ विजांच्या ढगांतून पॅरिसवर उडी मारतो, त्यावरून आतेभावाशी वाजलं. तो म्हणतो, दोरीला लटकवून पडद्यासमोर केलंय. मी म्हणतो, खरी उडी. पैज सकाळच्या बेडईची (डाळीचं सारण भरलेल्या पुरीची) आहे, पण मला खरंच जाणून घ्यायचंय. खरी असेल तर चेहरा इतक्या जवळून कसा दिसतो? कॅमेरा कुणी धरला होता?

छत्रीवाले काका
बाळा, उडी खरी. ढग आणि विजा कॉम्प्युटरच्या, आणि खाली पॅरिसही नाही. ती उडी अबुधाबीवर मारली, सी-१७ विमानातून, २५,००० फुटांवरून.

मी वायुदलात होतो, त्यातली सात वर्षं आग्र्याला पॅराशूटच्या घड्या घालण्यात गेली. म्हणून तुझा शेवटचा प्रश्न वाचून लिहायला बसलो. कॅमेरा क्रेग ओब्रायनकडे होता, हातात नाही, डोक्यावरच्या हेल्मेटला बांधलेला. क्रूझकडे तोंड ठेवून तो पाठमोरा विमानाबाहेर पडला. मग क्रूझने हवेतून खाली येत त्याच्यापासून बरोबर तीन फुटांवर थांबायचं. जरा मागेपुढे झालं की चेहरा धूसर, उडी वाया. आणि दुसरी लगेच मारता येत नाही, कारण दिग्दर्शकाला मावळतीचा उजेड हवा होता आणि तो रोज तीनेक मिनिटंच मिळायचा. चित्रीकरणाची दिवसाला एकच उडी! सरावाच्या धरून सगळ्या मिळून १०६ झाल्या. पडद्यावर सलग दिसतं ते तीन तुकडे जोडून केलेलं आहे.

इतक्या उंचीवरून उडायचं तर आधी शुद्ध ऑक्सिजन ओढत बसावं लागतं, शरीरातला नायट्रोजन निघून जावा म्हणून. नाहीतर सोड्याच्या बाटलीचं बूच काढल्यावर येतात तसे बुडबुडे रक्तात येतात. नेहमीच्या मास्कमध्ये चेहरा झाकला गेला असता, म्हणून चेहरा दिसेल असं खास हेल्मेट बनवलं, आत दिवे बसवलेलं.

आमच्याकडे शिकाऊ जवान खूप कमी उंचीवरून उडायचे. दोरी विमानातल्या तारेला अडकवलेली, छत्री आपोआप उघडते. तरी प्रत्येक छत्रीच्या कार्डावर घडी घालणाऱ्याची सही असते. आग्र्याजवळ मालपुरा गावच्या उड्यांच्या मैदानावर विमान आलं की मी छत्र्या मोजत उभा राहायचो, शेवटची उघडेपर्यंत चहा घशाखाली उतरत नसे. एका पावसाळ्यात एक पोरगा चिखलाने माखलेली छत्री खांद्यावर घेऊन आला आणि म्हणाला, “उस्ताद, बड़े प्यार से खुली.” त्या छत्रीवर माझी सही होती. क्रूझच्या १०६ उड्या म्हटल्या की मला त्या १०६ घड्या दिसतात, आणि ओब्रायनच्या वेगळ्या.

मुरारची ताई
काका, ‘पॉइंट ब्रेक’मध्ये (१९९१) हवेत पडता पडता गप्पा मारतात. ते शक्य आहे का? मुलगा विचारतोय.

छत्रीवाले काका
नाही ताई. पोट खाली धरून पडणारा माणूस दहा-बारा सेकंदांत ताशी १९० किलोमीटरच्या आसपास पोहोचतो. कानात फक्त वारा, म्हणून हाताच्या खुणांनी बोलतात. पण पॅट्रिक स्वेझीला आकाशातून उडण्याचा खरा नाद होता, त्या सिनेमात त्याने स्वतः उड्या मारल्या आहेत. हे मुलाला जरूर सांगा.

लश्करवाला
भावाला सगळं वाचून दाखवलं. त्याला चेहऱ्यावरचा उजेडच खटकला होता, तो हेल्मेटमधल्या दिव्यांचा निघाला! बेडई तो देणार. काका, घडी चुकली तर नेमकं काय होतं?

छत्रीवाले काका
दोऱ्या एकमेकींत गुंततात किंवा कापड एकदम उघडून जबर झटका बसतो. लिहून नीट कळणार नाही. रविवारी दोघं बाड्याच्या चौकात या, येताना एक जुनी चादर आणि सुतळी आणा.