लाइटच्या पॉइंटला अर्थिंगच नाही, आता ओढता येईल का?

जुनं_घर:
प्लगना मागे कधीतरी अर्थिंग घेतलंय, पण लाइटच्या पॉइंटला दोनच वायरी, फेज आणि न्यूट्रल. प्लास्टिकचे होल्डर होते तोवर चाललं. आता हॉलमध्ये पितळी एलईडी झुंबर आलंय. त्याची हिरवी-पिवळी वायर टेप गुंडाळून वर तशीच सोडलीय. दिवे चालू असताना हात लागला तर बारीक झिणझिणी येते, टेस्टरही मिणमिणतो. एक वायरमन म्हणतो, हिरवी वायर न्यूट्रलला जोडून टाकू. दुसरा म्हणतो, आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवा, अर्थिंग कशाला? भिंती फोडायची तयारी नाही. काय करू?

पक्कड:
आधी त्या न्यूट्रलवाल्याला थांबवा! मागे कुठे न्यूट्रल सुटला तर दिवा विझेल आणि 230 व्होल्ट झुंबराच्या अंगावर येतील. फेज-न्यूट्रल उलटे असले तर बटण बंद असूनही बॉडी लाइव्ह. जुन्या बोर्डांत असली उलटापालट हमखास सापडते.

झिणझिणी बहुधा ड्रायव्हरमधल्या (एलईडीला वीज पुरवणाऱ्या डबीतल्या) फिल्टर कपॅसिटरमधून येणाऱ्या किंचित करंटची असेल. पण वायर सोलली असली तरी टेस्टर पेटतोच, म्हणून त्याच्यावर विसंबू नका. ड्रायव्हर सोडवून लाइनला 500 व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून घ्या.

आरसीसीबी 30 मिलिअँपिअरचा जरूर बसवा. पण अर्थ नसेल तर करंटला जमिनीत जायची वाट तुमच्या अंगातूनच, आणि मग आरसीसीबी पडणार, म्हणजे ट्रिप होणार. अर्थ असला तर कुणी हात लावायच्या आधीच पडतो.

आता ओढायचं. मेन बंद करून बोर्ड उघडा, वायर हलवून बघा. सरकली तर भिंत फोडायला नको. मात्र भरलेल्या पाइपात नुसती हिरवी वायर रेटू नका, जुनं इन्सुलेशन घासून निघतं. जुन्या काढा, त्यांच्याच मागे तिन्ही नव्या ओढा, लाइटला 1.5 चौरस मिमी पुरे. रबर-कापडाची वायर निघाली तर विचारूच नका, सगळं बदला.

टू_वे_स्विच:
शेजारच्या प्लगमधून अर्थ घेतला तर?

पक्कड:
चालतो, पण मला नाही आवडत. उद्या कुणी तो प्लग काढला की झुंबराचा अर्थ गुपचूप गेला. डीबीच्या (एमसीबी असतात त्या मुख्य बोर्डाच्या) अर्थ बारपासूनच, म्हणजे सगळ्या अर्थ वायरी जोडतात त्या पट्टीपासूनच आणा. आणि नळाच्या पाइपला तर बिलकुल नको, मध्ये कुठेतरी प्लास्टिकचा तुकडा असतोच.

जुनं_घर:
हॉलची वायर पीव्हीसीची आहे, सरकतेय. बेडरूमची मात्र जागची हलत नाही.

टू_वे_स्विच:
तिथे डबल इन्सुलेशनचा दिवा लावा, चौकोनात चौकोन अशी खूण असलेला. त्याला अर्थ लागत नाही.

पक्कड:
बरोबर. हॉलचं ओढून झालं की मेन बंद ठेवूनच लांब वायर घेऊन अर्थ बार ते झुंबर मल्टिमीटरने मोजा, 1 ओहमच्या आत आलं पाहिजे. प्रोब पॉलिशवर टेकवू नका, उघड्या स्क्रूवर टेकवा.