शब्दचर्चा : ‘खडूस’ म्हणजे शिवी की शाबासकी?

पुण्याहून : भाचा बारा वर्षांचा, क्रिकेटवेडा. काल विचारतो, “मावशी, ते क्रिकेट कोच चंदू पंडित आहेत ना, त्यांना खडूस म्हणतात, ते कौतुक असतं की नावं ठेवणं?” मला उत्तर देता येईना. आमच्या घरात खडूस म्हणजे वाचनालयातले ते गृहस्थ, पुस्तक एक दिवस उशिरा दिलं तरी दंडाची पावती फाडणारे. पेपरात मात्र ‘खडूस मुंबईकर’ हे छाती फुगवून लिहितात. शब्द एकच ना?

दादरहून : ताई, मैदानावर वाढलेल्याला हा प्रश्न पडत नाही. खडूस म्हणजे विकेट फुकट न देणारा. मुंबईच्या कांगा लीग स्पर्धेत भर पावसाळ्यात, ओल्या पिचवर, चेंडू कधी घोट्याला तर कधी हनुवटीला. तिथे जो टिकला तो खडूस. शंभर झाल्या तरी पुन्हा नव्याने गार्ड घेणारा, हरत आलेली मॅच शेवटच्या सेशनपर्यंत चिघळवणारा. पंडित त्याच मुशीतले, आचरेकर सरांचे विद्यार्थी. विकेटकीपर होते, पण भारताच्या संघात त्या जागेवर किरण मोरे. त्यामुळे ५ कसोटी आणि ३६ वनडे यावरच कारकीर्द आटोपली. १९८७ च्या वर्ल्ड कपची सेमीफायनल आठवते? वानखेडेवर वेंगसरकर आजारी म्हणून पंडितांना घेतलं, २४ धावा काढल्या, आपण हरलो. तेवढ्यावर सगळं थांबलं असतं तर आज तुमच्या भाच्याला त्यांचं नावही माहीत नसतं.

साताऱ्याहून : मराठीत या घराण्यातले शब्द किती आहेत बघा. खाष्ट (ही बहुतेक सासूच असते), तुसडा, तिरसट, हेकट, चिवट. तिरसट माणूस चटकन भडकतो. खडूस भडकत नाही, त्याचा चेहराच हलत नाही. तुसडा तोडून बोलतो. खडूस बोलतच नाही. चिवट टिकून राहतो, पण त्यात दुसऱ्याला त्रास देण्याची हौस नसते. खडूसमध्ये ती थोडी असते, निदान समोरच्या बोलरला तसं वाटतं. आणि शब्द कुठेच वाकत नाही : खडूस मुलगा, खडूस बाई, खडूस पोरं. व्याकरणातसुद्धा खडूस!

‘खडा’, ‘खडतर’, ‘खडसावणे’ यांच्याशी नातं जोडायचा मोह होतो. पण नुसतं कानाला सारखं लागलं म्हणून व्युत्पत्ती होत नाही, तेव्हा मी तो आवरतो.

इंदूरहून : आमच्या मराठी घरांत हा शब्द हिंदीच्या चालीनं येतो, ‘खडूस बुड्ढा’. कौतुकाचा लवलेश नाही. तरी एक गोष्ट सांगतो. १९९९ ची रणजी (राज्यांच्या संघांची स्पर्धा) फायनल, बंगळूरचं चिन्नास्वामी, मध्य प्रदेशचे कॅप्टन पंडित. पहिल्या डावात ७५ ची आघाडी होती, म्हणजे ड्रॉ झाली तरी करंडक आपला. शेवटच्या दिवशी कोसळलो आणि कर्नाटकानं ९६ धावांनी नेली. २०२२ च्या जूनमध्ये तेच मैदान, पुन्हा फायनल, या वेळी पंडित कोच आणि समोर त्यांचीच मुंबई. सहा विकेट राखून जिंकलो, आमचा पहिला रणजी करंडक. पंडित भर मैदानात रडले. तुमच्या व्याख्येत खडूस रडतो का हो, सातारकर?

नागपूरहून : भाऊ, त्याआधीचं आमचं विसरू नका! पंडितांनी कोच म्हणून २०१५-१६ ला मुंबईला रणजी जिंकून दिली, पुढच्या वर्षी फायनल गुजरातशी हरले, लगेच मुंबईनं कोच बदलला. ते आले विदर्भात. तोवर विदर्भानं रणजीची फायनल पाहिलीसुद्धा नव्हती. २०१७-१८ ला इंदुरात दिल्लीला हरवलं, आमचा बोलर रजनीश गुरबानीची हॅटट्रिक, आणि पुढच्या वर्षी नागपुरातच सौराष्ट्राला. सलग दोन. आमच्या पोरांना कोणीतरी खडूसच पाहिजे होता.

ठाण्याहून : हे झालं रणजीचं. आयपीएलमध्ये काय झालं ते पण लिहा की. २०२२ च्या ऑगस्टमध्ये कोलकाता नाईट रायडर्सनं पंडितांना कोच केलं. २०२३ च्या मोसमात तिथे खेळलेला नामिबियाचा डेव्हिड वीज पुढच्या वर्षी उघड बोलला. जगभर खेळून आलेल्यांना कसं वागायचं, काय घालायचं हे सतत सांगायची गरज नसते, असा त्याचा रोख. ‘मिलिटंट’ हा त्याचा शब्द. आता याला मराठीत काय म्हणाल? ‘अतिरेकी’ म्हटलं तर पोलीस येतील, ‘लढाऊ’ म्हटलं तर स्तुती होते, ‘जहाल’ म्हटलं की टिळक आठवतात. आपल्याकडे ‘मिलिटरी खाक्या’ हा सरळ शब्द आहे. त्याच २०२४ ला कोलकाता जिंकलं, तर श्रेयाचा मोठा वाटा लोकांनी मेंटॉर गंभीरच्या पदरात टाकला. २०२५ ला आठवा नंबर, जुलैमध्ये निरोप. मला विचाराल तर वीजचं अर्धं पटतं. रणजीतल्या वीस वर्षांच्या पोराला जो धाक कामाचा, तो चाळिशीकडे झुकलेल्या कमावत्या पाहुण्याला जाच वाटणारच.

पुण्याहून : सगळ्यांचं वाचलं आणि एक लक्षात आलं, अर्थ क्रियापदात लपलाय. ‘तो खडूस खेळतो’ म्हटलं की शाबासकी, ‘तो खडूस वागतो’ म्हटलं की तक्रार. बॅट्समन खडूस असला की उन्हात तोच भाजतो. कोचचा खडूसपणा मात्र दुसऱ्यांना पळवतो, आणि त्याच्या वाट्याला ‘खेळतो’ उरलेलंच नसतं, फक्त ‘वागतो’. इंदूरकरांचं रडणं यात कुठे बसवायचं ते सातारकरांनी बघावं.

भाच्याला हे सांगितलं. मंगळवारी त्याची निवड चाचणी आहे. तिथले सर कुठल्या क्रियापदातले ते बघून येतो म्हणाला.