ई-रीडरची बॅटरी घरी बदलली. शहाणपणा की आगाऊपणा?

रंकाळ्याकाठचा:
माझ्याकडं 2010 चं किंडल कीबोर्ड आहे. खाली बटणं असलेलं, लाईट नसलेलं. पूर्वी तीन-तीन आठवडे चार्जरची आठवण यायची नाही. यंदा दोन दिवसांत मान टाकायला लागलं. राजारामपुरीत दोन मोबाईलवाल्यांकडं नेलं. एकानं "कॅल्क्युलेटर हाय काय?" विचारलं, दुसरा म्हणाला, "नवीन घ्या की." मग बॅटरी ऑनलाईन मागवली आणि रविवारी घरीच उघडलं. मागचं झाकण नुसत्या खटक्यांवर बसलेलं. जुनं एटीएम कार्ड कडेनं फिरवलं, सुटलं. बॅटरीला दोन बारके स्क्रू, सोल्डरिंग नाही. तिकडं रस्सा उकळायच्या आत इकडं काम झालं. पडदा पान उलटतानाच काय ती वीज खातो. बॅटरी सोडली तर त्यात झिजण्यासारखं फार काही नसतंच. भिऊ नका, उघडा.

प्रयोगशाळा_सहायक:
दादा, तुमचं निभावलं म्हणून सगळ्यांना चढवू नका. ही बॅटरी म्हणजे पातळ पिशवी असते. स्क्रूड्रायव्हरचं टोक घुसलं की आतल्या आत शॉर्ट. 'जाळ अन् धूर संगटच' हे मिसळीला ठीक, अभ्यासाच्या टेबलावर नको. फुगलेली असेल तर चार्जिंगही बंद करा आणि हातच लावू नका.

पाव_नको_कट_द्या:
सहमत, कारण मी भोगलंय. माझं किंडलचंच दुसरं मॉडेल, पेपरव्हाईट. त्याला खटकेबिटके नाहीत, समोरची चौकट चिकटवलेली आणि तिच्याखाली स्क्रूंची रांग. ड्रायरनं गरम करून ओढली. पडद्यात काच असते हे तेव्हा कळलं! बॅटरी शेकड्यातली, पडदा हजारांतला. आता अर्ध्या पानावर कायमच्या रेघा आहेत.

उद्यमनगर_लेथ:
चूक हत्याराची, खापर दुरुस्तीवर. आमच्याकडं बेअरिंग गेलं म्हणून कुणी लेथ भंगारात घालत नाही. उघडायचंच तर पोलाद नको, पातळ प्लास्टिक घ्या. आणि आधी बॅटरी उतरू द्या, चार्ज कमी तेवढा भडका कमी. खरा राग डिंकाचा यायला हवा. युरोपात 2023 च्या बॅटरी कायद्यानं अट घातलीय की 2027 पासून अशा बॅटऱ्या गिऱ्हाइकाला स्वतः काढता आल्या पाहिजेत. म्हणजे जमतं, मनात आणलं तर!

सहज_वाचणारी:
सगळे स्क्रू काढायच्याच मागं. आधी बॅटरीच गेलीय का ते तरी बघा. मीपण नवी मागवणार होतो (हो, बाईच आहे, आमच्यात असंच बोलतात). एकदम दीडशे पुस्तकं कोंबली होती. शोधता यावं म्हणून ते यंत्र प्रत्येक पुस्तकातल्या शब्दांची यादी करत बसतं. त्यातली एक फाईल बिघडलेली, तिथंच अडकून रात्रंदिवस चालू. ती फाईल काढली, वायफाय बंद केलं. पुन्हा दोन आठवडे जातंय. खर्च शून्य.

प्रयोगशाळा_सहायक:
हे आवडलं. धागाकर्त्यांना अजून एक विचारतो. 2010 च्या मॉडेलची 'नवी' बॅटरी बनली कधी? ही रसायनं फळीवर पडल्या पडल्याही म्हातारी होतात. आणि मूळ बॅटरी 1750 एमएएचची. त्याच आकारात कुणी 2500 छापलं असेल तर ते फक्त छापलेलंच.

रंकाळ्याकाठचा:
माझ्यावर 1900 लिहिलंय. तारीख बघायला काल परत झाकण काढलं, तर तारीखच नाही. बारा दिवस टिकतंय मात्र. आधीच्या आठवड्यांची सर नाही, हे कबूल. वायफायचंही खरं असेल, माझं कायम चालूच असायचं. पेपरव्हाईटवाल्यांना 'भिऊ नका' म्हणणार नाही. पण खटक्याचं झाकण असेल तर माझं मत तेच.

पाव_नको_कट_द्या:
जुनी बॅटरी काय केली? घंटागाडीत नाही ना टाकली? गाडीत कचरा दाबला जातो.

रंकाळ्याकाठचा:
नाही हो. ई-कचरा घेणारे येतील तेव्हा देईन. तोवर काकवीच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात, बाकीच्या सेलांबरोबर.

उद्यमनगर_लेथ:
पत्र्याच्या डब्यात?? मर्दा, आधी तिच्या टोकांना चिकटपट्टी लाव!