मदत हवी आहे: यकृताच्या शस्त्रक्रियेआधीच्या चाचण्यांची तुलना

प्रश्न (पुणे): यकृताचा भाग काढायच्या रुग्णांत यकृताची ताकद मोजणाऱ्या तीन चाचण्यांची तुलना करायची आहे: चाइल्ड-प्यू (रक्ततपासण्या आणि लक्षणांवरून गुण), अल्बी (फक्त अल्ब्युमिन आणि बिलिरुबिनवरून आकडा) आणि आयसीजी (शिरेतून दिलेला हिरवा रंग यकृत किती वेगाने काढून टाकतं ते). चाइल्ड-प्यूत जवळपास सगळेच ‘ए’, म्हणजे सर्वांत चांगल्या गटात निघतात. रिपोर्टही पेठा, हडपसर, पिंपरी अशा निरनिराळ्या लॅबचे. काविळीच्या रुग्णांचा आयसीजी धरावा का?

उत्तर १: बिलिरुबिन (काविळीत वाढणारं रंगद्रव्य) १.० मिग्रॅ प्रति डेसिलिटर, अल्ब्युमिन (यकृत बनवतं ते प्रथिन) ३.६ ग्रॅम प्रति डेसिलिटर, बाकी सगळं ठीक असलेला रुग्ण घ्या. चाइल्ड-प्यू ५, म्हणजे ‘ए’. अल्बीत बिलिरुबिन मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये (१७.१ ने गुणून) आणि अल्ब्युमिन ग्रॅम प्रति लिटरमध्ये (१० ने गुणून) घालतात: ०.६६ × लॉग १७.१, वजा ०.०८५ × ३६. उत्तर −२.२५. ग्रेड १ (सर्वांत चांगला) म्हणजे −२.६० किंवा त्याखाली; −२.२५ त्याच्या वर, म्हणून हा ग्रेड २. तुम्हाला हवा तो फरक इथेच दिसतो. एककं बदलायला विसरलात तर आकडा येतो, पण खोटा. अल्ब्युमिन मात्र एकाच लॅबमधून करून घ्या, पद्धत बदलली की तेही हलतं.

आयसीजी ०.५ मिग्रॅ प्रति किलो, उपाशीपोटी, शिरेतून झटकन. कुपीसोबतच्या पाण्यातच विरघळवा, सलाइनमध्ये नाही. रक्तात किती रंग उरला ते पाहायला १५ व्या मिनिटाचं रक्त दुसऱ्या हातातून घ्या. बोटाला लावायच्या सेन्सरवर मोजत असाल तर गार बोटं आणि नेलपॉलिश आकडा बिघडवतात. आयोडीनची अ‍ॅलर्जी आधी विचारा.

काविळीचे रुग्ण वेगळे काढा. आयसीजी आणि बिलिरुबिन यकृताच्या पेशीत शिरताना एकाच वाहकावर भांडतात, त्यामुळे पेशी धडधाकट असूनही आकडा वाईट येतो. पित्तनलिकेत अडथळा असेल तर तो मोकळा करून, बिलिरुबिन उतरल्यावरच चाचणी करा.

प्रश्नकर्ता: धन्यवाद सर. शस्त्रक्रियेनंतर यकृत निकामी झालं की नाही, हा निकाल कशावर मोजू?

उत्तर २: शस्त्रक्रियेनंतर पाचव्या दिवशी प्रोथ्रॉम्बिन (रक्त गोठण्याची चाचणी) ५० टक्क्यांखाली आणि बिलिरुबिन ५० मायक्रोमोल प्रति लिटरच्या वर, हा ५०-५० निकष सोपा आहे. एफएफपी (गोठवून ठेवलेला ताजा प्लाझ्मा) दिलेल्यांची मात्र वेगळी नोंद ठेवा, त्याने प्रोथ्रॉम्बिन कृत्रिमरीत्या सुधारतं.

आणि उरणाऱ्या यकृताचं आकारमान सीटीवर मोजाच. निरोगी यकृतात साधारण २० टक्के उरलं तरी चालतं, केमो झाली असेल तर ३०, सिरोसिसमध्ये (यकृतावर कायमचे व्रण पडून ते घट्ट झालं असेल तर) ४०. आयसीजी पूर्ण यकृताचा आकडा देतो, तुम्ही ठेवणार आहात एक तुकडा. उरणाऱ्या आकारमानाचा स्तंभ तक्त्यात नसेल तर तिन्ही चाचण्यांची तुलना लंगडी पडेल.